स्वतःचा मोडेम

तात्यांनी वरची खोली दाखवायला दार उघडलं तेव्हा आत साधा बल्बसुद्धा नव्हता. भिंतीला होल्डर होता, छताला पंख्याचा हूक होता, ओट्यापाशी पाण्याचा पाइप आलेला होता. पण बल्ब, पंखा, नळाची तोटी यातलं काही म्हणजे काही नव्हतं. माझ्या नवऱ्याला वाटलं, आधीच्या भाडेकरूनं जाताना सगळं उचलून नेलं असणार.

"न्हाय, न्हाय," तात्या म्हणाले. "मीच काढून ठिवलंय. दुसऱ्याच्या पंख्याखाली माणसाला निवांत झोप लागत न्हाय. तुमी तुमचा आणा. सोडून जाताना घेऊन जावा."

असा घरमालक आम्ही पाहिला नव्हता. लोक खोलीला खिळा मारू देत नाहीत, आणि हा माणूस आम्हाला बल्ब विकत घ्यायला लावत होता. बरं, नुसतं सांगून थांबला नाही. त्याच संध्याकाळी स्कूटर काढून आमच्या पुढं पुढं बारामतीच्या बाजारात आला. दुकानात मी विचारलं, "तात्या, हा पंखा कसा वाटतो?" तर त्यांनी चक्क तोंड फिरवलं. "मला इचारू नगंस. पंखा तुझा हाय, पसंती तुझी."

घर एमआयडीसीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत, एका आळीत होतं. नवऱ्याला दूध कारखान्यात नोकरी होती, त्याला ते सोयीचं होतं. खाली तात्या आणि काकू, वर आम्ही.

तात्या आयुष्यभर एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. बारामती-इंदापूर रस्त्यावरचा कुठला खड्डा कोणत्या वर्षी पडला आणि कधी बुजला, हे त्यांना पाठ. उंच, वाळका माणूस. घरात सोफ्यावर बसले तरी उजवं कोपर बाहेर काढलेलं असायचं, खिडकीवर टेकवल्यासारखं. आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर लाल ऑइलपेंटचा एक ठिपका. तांब्यावर ठिपका, छत्रीवर ठिपका, बादली, कुलूप, चष्म्याची डबी, सगळ्यांवर ठिपका. ठिपका म्हणजे वस्तू आपली. काकू म्हणायच्या, "माझ्याच कपाळावर तेवढा लावायचा ऱ्हायलाय."

चहाच्या टपरीवर तात्या स्वतःचा पेला घेऊन जायचे. भाजी घ्यायला स्वतःचा तराजू न्यायचे. भाजीवाली आधी चिडायची, मग तिनंच आपला तराजू त्यांच्या तराजूवर तपासून घ्यायला सुरुवात केली. शेजाऱ्यानं शिडी हवी का विचारलं तर नको म्हणायचे. शेजाऱ्याला शिडी हवी असली तर मात्र स्वतः खांद्यावर घेऊन पोचवायचे.

हे खूळ कधी लागलं, ते काकूंनी मला शेंगा फोडता फोडता सांगितलं. रिटायर झाले त्या दिवशी डेपोत हार घातला, फोटो काढला आणि साहेबानं हात पुढं करून गाडीची किल्ली मागून घेतली. तात्या घरी आले, ओट्यावर बसले आणि बराच वेळ आपल्या हाताकडं बघत राहिले. "मला म्हनले, एवढी वर्सं चालवली, पन त्यातला एक नटसुद्धा माझा न्हवता. दुसऱ्या दिवशी जाऊन पेंटचा डबा आनला."

बावड्याला काकूंच्या भाच्याचं लग्न होतं, तिथला प्रसंग सांगायलाच हवा. तात्यांनी लोखंडी घडीची खुर्ची, अर्थात ठिपकेवाली, स्कूटरला मागं बांधली. काकूंनी साफ सांगितलं की त्या खुर्चीबरोबर आपण स्कूटरवर येणार नाही, आणि त्या माझ्या नवऱ्याबरोबर मोटारसायकलवर आल्या. मला मात्र तात्यांच्या मागं, खुर्चीचा एक पाय धरून, बसावं लागलं. मांडवात शेकड्यानं खुर्च्या मांडलेल्या. त्यांच्या रांगेच्या टोकाला तात्यांनी आपली खुर्ची उघडली आणि रुबाबात बसले. लोक हसले. नवरदेवाचा मामा म्हणाला, "तात्या, जेवणाचं ताट पण आणलंय का?" तात्यांनी पिशवीतून ताट काढून दाखवलं.

मग वऱ्हाड आलं आणि खुर्च्या कमी पडल्या. दिवस भरत आलेली एक बाई मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. बसलेल्यांपैकी कुणी उठेना. जो तो शेजारचा उठेल म्हणून बघत होता. तात्या उठले, खुर्ची उचलून तिच्यापाशी नेली, रुमालानं पुसली आणि म्हणाले, "बस, लेकी." मग लग्न लागेपर्यंत, जेवणं होईपर्यंत, फोटो संपेपर्यंत ते उभे राहिले. परत येताना मी म्हटलं, "तात्या, एवढी आणलेली खुर्ची, बसलात किती?"

"माझी हाय म्हनून देता आली," ते स्कूटरच्या आवाजात ओरडले. "मांडववाल्याची आसती तर त्याला इचारावं लागलं आसतं!"

आता माझं सांगते. बोलताना अडखळणाऱ्या मुलांना बोलतं करणं हे माझं काम. पुण्याच्या एका केंद्रात मी ते करत होते. लग्नानंतर बारामतीला आले तेव्हा केंद्राच्या मॅडमनी मला घरून, लॅपटॉपवर मुलांना शिकवायची परवानगी दिली. अट एवढीच की मुलांचं नुकसान व्हायला नको. मी आळीतल्या केबलवाल्याकडून इंटरनेट घेतलं. त्याच्या माणसानं काचेची बारीक तार आत आणली, भिंतीवर एक पांढरा मोडेम ठोकला आणि तो गेला.

पहिले काही आठवडे ठीक गेले. मग दुपार झाली की नेट तुटायला लागलं. तुटायचं म्हणजे बंद पडायचं नाही. तसं झालं असतं तरी परवडलं असतं. चित्र थिजायचं, आवाजाचे तुकडे व्हायचे, मोडेमचे दिवे जायचे आणि परत यायचे. तक्रार केली की केबलवाल्याचा माणूस यायचा, पिन काढायचा, पिन लावायचा, "आता बघा" म्हणायचा आणि जायचा.

माझ्याकडं मिरजेची एक मुलगी होती, नऊ वर्षांची. हुशार, डोळ्यांनीच सगळं बोलणारी. शब्दाचं पहिलं अक्षर तिच्या ओठांवर अडकून बसायचं. एका दुपारी मी तिला म्हणत होते, "हळू, अगदी हळू," आणि नेमकं नेट गचकलं. माझा चेहरा पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजला आणि तिला ऐकू गेलं, "ह-ह-ह-ह." चित्र परत आलं तेव्हा ती माझ्याकडं टक लावून बघत होती. मग खूप प्रयत्नानं तिनं विचारलं, "ताई, तु-तु-तुम्हालापण होतं?"

मी हसले. तास संपवला, लॅपटॉप मिटला आणि मग मला रडू आलं. दार उघडंच होतं. तात्या गच्चीवर टाकी बघायला चालले होते, ते जिन्यात थांबले.

"कोन काय बोललं का, पोरी?"

मी सगळं सांगितलं. मॅडमनी कालच फोन करून बजावलं होतं, तेही सांगितलं. शुक्रवारच्या तासाला त्या स्वतः बसणार होत्या. असंच चालू राहिलं तर मुलं दुसऱ्या कुणाकडं द्यायची, नाहीतर मी पुण्याला परत यायचं. नवरा इथं, मी तिथं. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणीनं, जी केंद्रातले कॉम्प्युटर बघते, तिनं सांगितलं होतं की मोडेम जुना आहे, तापला की आपोआप बंद होऊन चालू होतो. नवा, चांगला मोडेम स्वतः विकत घे आणि केबलवाल्याकडून त्याचा नंबर नोंदवून घे. पण केबलवाला म्हणत होता, मोडेम आमचाच लागतो.

तात्यांनी यातलं बाकी किती ऐकलं कोण जाणे. ते भिंतीपाशी गेले आणि मोडेमवरचा केबलवाल्याच्या नावाचा स्टिकर बोटानं वाचला.

"म्हंजी हा डबा तुझा न्हाय?"

"नाही तात्या. वापरायला दिलाय."

"माझ्या भिंतीवर दुसऱ्याची वस्तू," ते सावकाश म्हणाले, "आन मला ठावंच न्हाय!"

त्यांचा चेहरा असा झाला की मी माझं रडणंच विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन केबलवाल्याच्या ऑफिसात गेले. केबलवाला तरुण होता, पांढरा कडक शर्ट, समोर दोन फोन. सगळे त्याला शेठ म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण जादाच्या कामाला हात लावायची सवय नव्हती.

"तात्या, बाहेरचा मोडेम आपल्या लाइनवर चालत न्हाय," शेठ म्हणाला.

"का चालत न्हाय?"

"सिस्टीम घेत न्हाय."

"आसं," तात्या म्हणाले. "सिस्टीम किती वाजता येत्यात?"

शेठला आधी कळलंच नाही. "तात्या, सिस्टीम म्हणजे माणूस न्हाय."

"मंग न्हाय कोन म्हनतंय? माणूस म्हनत आसंल तर त्याच्याशी बोलतो. माणूस नसंल तर त्याचं काय ऐकायचं?"

शेठनं फोन कानाला लावला. तात्या बाहेर गेले, स्कूटरवरून घडीची खुर्ची काढली आणि ऑफिसच्या पायऱ्यांशेजारी मांडून बसले. कोपर बाहेर, डोळे रस्त्यावर. मी घरी परतले. मला तास होता.

पुढचं मला काकूंकडून कळलं. येणारा जाणारा विचारी, "तात्या, हितं कशापायी बसलाय?" तात्या शांतपणे सांगत, "सिस्टीमची वाट बघतोय." भांडण नाही, आवाज नाही. बिल भरायला आलेली माणसं थांबायला लागली. एकजण म्हणाला, आमचंही नेट दुपारी जातं. दुसरा म्हणाला, आमचाही डबा तापतो, त्याच्यावर आमची मांजर झोपती. दुपारी काकू जेवण घेऊन गेल्या आणि आत शेठच्या बाकावर बसून त्यांनी शेठलाच विचारलं, "तुमी जेवला का? ह्यांना वेळ लागंल, तुमी जेवून घ्या."

ऊन कलताना शेठ स्वतः बाहेर आला. "तात्या, लोक हसायला लागलेत."

"मला हसत्यात. तुमी कामाला लागा."

शेठनं मागं वळून आतल्या गर्दीकडं पाहिलं. मग म्हणाला, "आणा तुमचा मोडेम. नंबर टाकायचं काम हितनंच हुतंय, टाकतो मी. पण चालला न्हाय तर माझ्या नावानं ओरडायचं न्हाय."

"चालला न्हाय तर आमचा आमी बघू," तात्या म्हणाले आणि खुर्ची मिटली.

मोडेम मिळवणं सोपं गेलं नाही. बारामतीतल्या दुकानांत वायफायचे डबे होते, पण काचेची तार थेट ज्यात जाते तसा मैत्रिणीनं सांगितलेला मोडेम नव्हता. इंदापूरला हायवेजवळ कॅमेरे आणि इन्व्हर्टर विकणाऱ्याकडं एक असल्याचं कळलं. नवऱ्याला ड्युटी होती, म्हणून मी आणि तात्या गुरुवारी लाल गाडीनं निघालो. रस्ता तोच, तात्यांचा. ते खिडकीशी बसले होते आणि प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय पत्र्यावर ब्रेक दाबत होता. ड्रायव्हरनं आरशातून त्यांना ओळखलं, हात वर करून सलाम केला. तात्यांनी मान हलवली आणि मला हळूच म्हणाले, "क्लच जास्त दाबतोय."

दुकानदारानं मोडेम काढला. मी मैत्रिणीला फोन लावला, मॉडेलचं नाव वाचून दाखवलं, तिनं हो म्हटलं. माझ्या बाजूनं काम झालं होतं. तात्यांच्या बाजूनं व्हायचं होतं. त्यांनी तो विजेला जोडायला लावला, त्याच्यावर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हातानं आपल्या पेल्यातला चहा प्यायला सुरुवात केली. एक चहा झाला, दुसरा झाला. दुकानदार म्हणाला, "आजोबा, त्याला ताप आलेला न्हाय." तात्यांनी हात काढला नाही. तिसऱ्या चहानंतर म्हणाले, "थंड हाय."

मला वाटलं होतं, घर त्यांचं, भिंत त्यांची, मोडेमही त्यांनाच आपल्या नावावर हवा असणार. मी तसं म्हटलं तर ते एकदम गंभीर झाले.

"न्हाय पोरी. मी घेतला तर तू परत दुसऱ्याच्याच मोडेमवर. बोलायचं काम तुझं, पोरं तुझी, तवा मोडेम तुझा पायजे."

मी घेतला. परतीच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, पिशवी वर ठेवा. तात्यांनीच उत्तर दिलं, "मांडीवर ऱ्हाऊ दे. नवा हाय."

शुक्रवार उजाडला. तास अकराला होता. शेठचा माणूस दहानंतर आला, जुना मोडेम काढला, नवा लावला, तार जोडली. हिरव्या दिव्यांच्या जागी एकच लाल दिवा लुकलुकायला लागला. आता नवीन मोडेमचा नंबर ऑफिसात कॉम्प्युटरवर टाकायचा होता. शेठ फोनवर होता. मी लॅपटॉप उघडायला लागले, म्हणून नंबर वाचायचं काम तात्यांनी घेतलं. त्यांनी खोका हातात धरला, घसा खाकरला आणि गाडीच्या पाट्या वाचाव्यात तसं सुरू केलं.

"डी, डेपोचा डी. चार. सात. आय, इंदापूरचा आय. बी, बारामतीचा बी. दोन…"

सगळा नंबर वाचून झाला. दिवा लालच. शेठ पलीकडून म्हणाला, "बघा तात्या. मी म्हणलं हुतं, सिस्टीम घेत न्हाय." तात्यांनी परत वाचला. परत लाल. शेठचा माणूस जुन्या मोडेमकडं हात न्यायला लागला. काकू दारात पदर तोंडाशी धरून उभ्या. माझ्या लॅपटॉपवर मॅडमचा संदेश आला होता: मी जोडली जातेय.

मी तात्यांच्या हातातून खोका घेतला आणि उजेडात धरला. "तात्या, हा बी नाही. आठ आहे."

तात्यांनी चष्मा वर केला, खाली केला. फोनमध्ये म्हणाले, "शेठ, बारामती कॅन्सल. तिच्या जागी आठ टाका."

आम्ही सगळे त्या दिव्याकडं बघत होतो. तो लुकलुकला, विझला. मग हिरवा झाला, त्याच्याशेजारचा हिरवा झाला, त्याच्याशेजारचाही. काकूंनी हात जोडले. तात्यांनी त्यांना ढकलतच बाहेर नेलं आणि दार लोटून घेतलं.

पडद्यावर मिरजेची मुलगी आली आणि कोपऱ्यातल्या चौकटीत मॅडम. मुलीच्या घरी तंबोरे बनवतात. तो कसा बनतो हे तिनं आज सांगायचं ठरलं होतं. ती बोलायला लागली. पहिलं वाक्य गेलं. दुसऱ्या वाक्यात तिला भोपळा म्हणायचं होतं, आणि ती "भ"पाशी अडकली.

माझं सगळं काम अशा वेळी थांबण्याचं असतं. घाई करायची नाही, शब्द पुरवायचा नाही, फक्त समोर राहायचं. पण नेट तुटत होतं तेव्हा मी थांबलेय की गेलेय, हेच मुलांना कळायचं नाही. त्या दिवशी मी थांबले आणि तिला दिसलं की मी थांबलेय. माझी पापणी हललेली दिसली, मी श्वास घेतलेला दिसला. तिनंही घेतला.

"भोपळा," ती म्हणाली. "भोपळा आधी वाळवायचा. वाळला की आतून पोकळ होतो. मग बाबा त्याच्यावर टिचकी मारतात आणि कान लावतात. चांगला भोपळा लगेच उत्तर देतो."

एका दमात. ती स्वतःच दचकली, आणि मग हसली. मी काही बोलायच्या आत दाराबाहेर टाळ्या सुरू झाल्या. दोन माणसांच्या, जोरजोरात.

"ताई, कोण टाळ्या वाजवतंय?" तिनं विचारलं. तेही न अडखळता.

"आमचे घरमालक," मी म्हटलं.

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. "तुम्ही तिथंच राहा," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या आठवड्यापासून आणखी तीन मुलं देते."

संध्याकाळी नवरा ड्युटीवरून पेढे घेऊनच आला. पुढं आळीतल्या बऱ्याच घरांत लोकांनी आपापले मोडेम आणले, आणि नंबर टाकायला शेठ आढेवेढे घ्यायचा बंद झाला. पण त्या दिवशी तात्यांचं एक काम राहिलं होतं. त्यांनी जुना मोडेम ओल्या फडक्यानं पुसला, त्याची वायर नीट गुंडाळली, वर रुमाल बांधला आणि मला बरोबर घेऊन शेठच्या ऑफिसात गेले. तिथं चार माणसं होती. त्यांच्यादेखत तात्यांनी तो दोन्ही हातांनी शेठच्या टेबलावर ठेवला, पेढा पुढं केला.

"तुमची वस्तू तुमच्यापाशी. एक वरखडा न्हाय. आता आमच्या घरात तुमची फकस्त तार ऱ्हायली."

शेठनं पेढा तोंडात टाकला. तोही आता हसत होता. "का तात्या, तारबी इकत घेता का काय?"

सगळे मोठ्यानं हसले. मीही हसले. तात्या एकटे हसले नाहीत. त्यांनी खिडकीतून खांबावरून गेलेल्या त्या काळ्या तारेकडं पाहिलं, ती आमच्या आळीपर्यंत कुठून कुठं जाते ते नजरेनं मापलं, आणि स्कूटरवरची आपली खुर्ची आणून शेठच्या समोर बसले.

"इकता का?"